गेलो की गेले

सरांच्या घराची वरची खोली भाड्यानं घेऊन मी तिथं राहायला गेले. झालं! अजून मी माझं नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही, पण मी बाई आहे एवढं पहिल्याच वाक्यात तुम्हाला कळलं. सरांचं मराठी भाषेशी जन्माचं भांडण होतं ते एवढ्याच कारणावरून.

"बघ," ते मला पहिल्याच आठवड्यात जिन्यात अडवून म्हणाले, "'मी जाईन' म्हण, काही कळत नाही. 'मी आहे' म्हण, काही कळत नाही. पण 'मी गेलो' म्हटलं की लगेच मिशी फुटते आणि 'मी गेले' म्हटलं की कपाळावर टिकली उगवते. माणसानं नुसतं जायचं कसं?"

मी तेव्हा शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायच्या कामावर होते. माझ्या जगात माल एक तर पास व्हायचा, नाहीतर रिजेक्ट. नुसतं जाणं वगैरे भानगड आमच्याकडं नव्हती. शिवाय त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं, आणि संभाजीनगरात पाण्याचा दिवस म्हणजे घरात लग्नकार्य असल्यासारखा.

"सर, हंडे भरायचेत, मी जाते," मी म्हणाले.

"पाहिलंस?" सर म्हणाले. "जाते!" आणि एखाद्याला ताप आलाय का बघावं तसं त्यांनी माझ्याकडं काळजीनं बघितलं.

सर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले होते. व्याकरणाच्या बाबतीत माणूस भलताच कडक. लग्नाच्या पत्रिकेतल्या 'आशिर्वादा'ची वेलांटी लाल पेनानं दीर्घ करून ते पत्रिका यजमानाला परत पाठवायचे आणि मग त्याच लग्नात जाऊन दोन वेळा मठ्ठा मागून प्यायचे. गुलमंडीवर कापड घ्यायला गेले की दुकानाची पाटी आधी वाचायचे. पाटी चुकलेली असली तर दुकानदार ओळखीचा असूनही पुढच्या दुकानात शिरायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मागून ओरडायच्या, "अहो, कापड शुद्ध आहे ना, मग झालं की!"

या माणसानं आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. तिचं नाव सांगत नाही, कारण सांगून ती तुम्हाला मिळायची नाही. उरलेल्या सगळ्या प्रती सरांच्या दिवाणाखाली होत्या. ती एका 'मी'ची गोष्ट आहे आणि तो मी आहे की ती मी आहे, हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. त्या 'मी'ला दम लागतो, पण 'दमलो' असं कुठं येत नाही. झोप लागते, रडू कोसळतं, हसू फुटतं, पाय घसरतो. त्या 'मी'नं शाळा गाठली, भाकरी खाल्ली, गुलमंडीवर पेरू घेतला, पेरूची बी दातात अडकली म्हणून सबंध तासभर जीभ फिरवली. 'मी जाई, मी बसे, मी पाही' असल्या जुन्या वळणाच्या क्रियापदांनी तर पानंच्या पानं भरलेली. त्या जाई-बसेमुळं सगळ्या पुस्तकावर दुपारच्या झोपेची साय धरल्यासारखी वाटायची. वाचता वाचता आपलंच काहीतरी आठवतंय असं वाटे आणि काय आठवतंय ते सापडत नसे. घडत मात्र काही नाही. एक आयुष्य या गावात सुरू होतं आणि साध्या साध्या गोष्टी करत म्हातारं होतं, एवढंच. त्या काळी कुणीतरी लिहिलं होतं की ही नुसती भाषेची कसरत आहे. सर म्हणायचे, "कसरत तर कसरत. पडलो नाही ना?" मग जीभ चावायचे. कारण 'पडलो' म्हटलेलं असायचं.

कादंबरी लिहून झाली तरी ती सवय सुटली नव्हती. सर घरातसुद्धा तसंच बोलायचे. "आंघोळ उरकली." "बाजार झाला." "वैजापूरला मुक्काम होता, म्हणून पेन्शनच्या दाखल्याला उशीर झाला," हे बँकेतल्या बाईंना. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "पण तुम्ही कुठं होता?" सर म्हणाले, "मुक्कामातच."

हा रोग मला लागला. कारखान्यात एकदा मी साहेबांना म्हणाले, "साहेब, दोन पेट्यांचं माप घ्यायचं राहून गेलं." साहेब म्हणाले, "राहून गेलं म्हणजे काय? आपोआप? 'मी विसरले' म्हण की! तू आजकाल सरकारी बोलायला लागलीस." मी हे घरी येऊन सांगितलं, तर सर इतके खूश झाले की त्यांनी स्वतः उठून चहा ठेवला.

काकूंना त्यांच्या शुगरनं आंधळं केलं होतं. मी राहायला गेले तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. आधी त्या भरपूर वाचायच्या. दिवाळी अंक, कथा, रहस्यकथा, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. फक्त नवऱ्याची कादंबरी तेवढी त्यांनी वाचली नव्हती. "घरचीच आहे, वाचीन की," असं म्हणता म्हणता डोळे गेले. आणि डोळे गेल्यावर मात्र त्यांनी हट्ट धरला की मला ती ऐकायची आहे.

आता यात अवघड काय आहे, असं कुणालाही वाटेल. नवऱ्यानं पुस्तक उघडावं, बायकोसमोर बसावं आणि वाचावं. पण सरांनी वाचलं की तो 'मी' पुरुष होणार. मी वाचलं की बाई होणार. कागदावर जे लपतं ते आवाजात लपत नाही. "पहिल्या अक्षरालाच सगळं मरेल," सर म्हणायचे. ते हे इतक्या कळवळून म्हणायचे की माझ्यासारख्या पास-रिजेक्टवालीलाही पुढं बोलवत नसे.

"मग मला बी कळू देऊ नका, पण ऐकवा तर खरं," काकू म्हणायच्या. "आता कानानं बी कमी ऐकू येतंय. ते जायच्या आत काहीतरी करा."

म्हणून सर त्या कादंबरीचं काहीतरी करायच्या मागं लागले होते. नाटक, सिनेमा, काहीही, ज्यात ती डोळ्यांवाचून पोचेल आणि तरी मोडणार नाही. सिनेमा डोळ्यांवाचून कसा पोचणार, हे मी विचारलं होतं. सर म्हणाले, "आधी ती कागदातून बाहेर तर पडू दे. मग बघू."

नाटकाच्या तालमीला मी हजर होते. एकांकिका करणारी कॉलेजची पोरं होती, दिग्दर्शक एक चुणचुणीत मुलगी. एकपात्री करायचं ठरलं. सरांनी नटाला पडद्यामागं उभं केलं. सावलीत मिशा दिसेनात, पण खांदे दिसले. मग त्याला घोंगडी पांघरायला लावली. मग पायातल्या चपला काढायला लावल्या, कारण चपलांचा आवाज पुरुषी येतो म्हणे. शेवटी घोंगडीच्या आत घामानं निथळणारा तो पोरगा म्हणाला, "सर, मी नुसता पडूनच राहतो ना." ती मुलगी हात जोडून म्हणाली, "सर, लोकांना काहीतरी दिसावं लागतं!" सर म्हणाले, "दिसू दे की. कळू नये." तालीम तिथंच थांबली. घोंगडी आमची होती, ती घेऊन आम्ही रिक्षानं घरी आलो.

सिनेमावाला त्यापेक्षा हुशार. तो म्हणाला, 'मी' दाखवायचाच नाही, कॅमेरा हाच 'मी'. सर चार दिवस तरंगत होते. शूटिंग सुरू झालं आणि त्या 'मी'नं चहाचा कप उचलायची वेळ आली. हात कुणाचा? सरांनी भर मे महिन्यात लोकरीचे हातमोजे आणले. पडद्यावर बघितलं तर थंडीतलं अस्वल चहा पीत होतं.

मीही माझ्या परीनं हातभार लावला. फोनमध्ये लेखी मजकूर वाचून दाखवणारा आवाज असतो, तो मधल्या पट्टीत आणून काकूंसमोर लावला. काकू दोन ओळी ऐकून म्हणाल्या, "कुणाची गाडी लागली गं?" स्टँडवर फलाट क्रमांक सांगणाऱ्या आवाजासारखा तो होता हे मला तेव्हा कळलं. सर हसले नाहीत. ते उठून गच्चीवर गेले आणि संध्याकाळ होईपर्यंत खाली आले नाहीत.

एका कॉलेजात 'प्रयोगशील कादंबरीचे माध्यमांतर' अशा नावाचा परिसंवाद होता, त्याला मी सरांना स्कूटीवर घेऊन गेले. बाहेरगावचे एक वक्ते फार छान बोलत होते. ज्या कादंबरीचा प्राण तिच्या भाषेच्या रचनेत आहे ती दुसऱ्या कुठल्याही माध्यमात जाऊच शकत नाही, आणि तेच तिचं यश आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मलाही पटलं होतं. सर मागच्या रांगेत उभे राहिले. त्यांचा आवाज एरवी करडा, पण तेव्हा अगदी लहान झाला होता.

"मग आंधळ्या माणसानं काय करायचं?" सर म्हणाले.

वक्त्यांना वाटलं, हा काही तात्त्विक प्रश्न आहे. त्यांनी तात्त्विक उत्तर दिलं. सर ते पूर्ण ऐकून, मान डोलावून, बाहेर आले. स्कूटीवर मागं बसून ते म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे गं." मला त्या वक्त्यांचा फार राग आला. बरोबर असल्यामुळं जास्तच.

शेजारी चाचा राहायचे, उर्दू शाळेचे निवृत्त हेडमास्तर. सर आणि ते गुलमंडीमागच्या एकाच गल्लीत वाढलेले, पुढं सिडकोत घरंही शेजारी घेतलेली. चाचांना हा सगळा खटाटोप म्हणजे निव्वळ वेडेपणा वाटायचा.

"कायको इतना परेशान होते प्रोफेसर?" ते कुंपणावर हात टेकून म्हणायचे. "हमारी बोली में लिख देते. मैं आरूं, मैं जारूं. मर्द बोला तो भी जारूं, औरत बोली तो भी जारूं. किस्सा खतम!"

"खरंय," सर म्हणायचे. "लहानपणी तुमच्या अम्मी आणि अब्बा दोघं एकाच दारातून 'मैं जारूं' म्हणून निघायचे, तेव्हा मला फार हेवा वाटायचा. पण चाचा, ज्या भाषेत अडलं त्याच भाषेत सुटायला पाहिजे."

"ऐसा क्या अडलाय तुमचं?" चाचा मराठीत यायचे ते असे, मध्येच पायरी चुकल्यासारखे. सर विषय बदलायचे. एकदाच, मावळतीकडं बघत ते म्हणाले होते, "'मी आहे' म्हणता येतं. 'मी असेन' म्हणता येतं. 'मी होतो' तेवढं म्हणता येत नाही." मला ते व्याकरण वाटलं. मी पापड वाळत घालायला निघून गेले.

शेवटची युक्ती निघाली ती कानाच्या डॉक्टरांकडून आल्यावर. डॉक्टरांनी काकूंना यंत्र लावायला सांगितलं आणि तरी फार दिवस भरवसा नाही, असंही सांगितलं. त्या दिवशी सर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आपण दोघं वाचू. एकदम. एकाच वेळी."

आम्ही गच्चीवर सराव करू लागलो. सर प्रत्येक स्वल्पविरामाला उसासा टाकायचे आणि मी तोवर पुढच्या ओळीला पोचलेली असायची. चाचा पलीकडच्या गच्चीवरून बोट हलवून ताल धरायचे आणि मी पुढं पळाले की ओरडायचे, "अरे ठैरो ना बेटा, शताब्दी पकडनी है क्या!" पण हळूहळू जमायला लागलं. सरांचा आवाज खालून आणि माझा वरून यायचा आणि नीट जुळला की मध्ये तिसराच कुणाचा तरी आवाज व्हायचा. तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा आम्ही दोघंही वाचायचं थांबलो. सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या अंगावर काटा आलेला मला स्पष्ट दिसला.

मग रोज दुपारी वाचन सुरू झालं. मी रात्रपाळी मागून घेतली होती. एप्रिलचं ऊन बाहेर रस्ते भाजून काढायचं आणि खोलीत वाळ्याचा ओला पडदा, कुलरची घरघर, काकू दिवाणावर उशीला डोकं टेकवून. त्या दुपारी मला आता नीट क्रमानं आठवत नाहीत. सगळ्या दुपारी मिळून एकच आठवते. मी अर्धवट झोपेत असायची, त्यातून ते वाचन. 'मी पारावर बसे. मी सावल्या मोजी.' आपण वाचतोय की आपल्याला कुणी सांगतंय, हे कळेनासं व्हायचं. संध्याकाळी भाजी आणायला गेले की वाटायचं, तो पुस्तकातला 'मी' आत्ताच इथून गेला, पेरूवाल्याच्या हातात अजून त्याचे सुटे पैसे आहेत.

कादंबरीचं पहिलं वाक्य होतं, 'माझी वाट पाहिली जात होती.' ते ऐकल्यावर काकूंनी डोळे मिटून घेतले होते. तसंही त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मला ते जरा विचित्र वाटलं. सर रोज वाचन संपलं की भीत भीत विचारायचे, "कळतंय का काही?" म्हणजे बाई की पुरुष, हे कळतंय का. काकू म्हणायच्या, "नाय. वाचा तुम्ही." सरांच्या तोंडावर असं समाधान पसरायचं की पोटभर जेवलेला माणूस वाटावा.

शेवटच्या दिवशी वीज गेली. कुलर थांबला आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. आमचा आवाज फार जवळून येऊ लागला. 'मी' आता म्हातारपणाला टेकलं होतं, गावातून शेवटची चक्कर मारत होतं, ओळखीच्या दारांवरून हात फिरवत होतं. आम्ही शेवटचं वाक्य वाचलं. 'आणि माझं घरी येणं झालं.'

सरांनी पुस्तक मिटलं. मग काकू उठून बसल्या. पदर सारखा केला.

"शेवट नाय जमला," त्या म्हणाल्या.

सर दचकले. "का?"

"असं कुठं बोलतं का लेकरू? येणं झालं म्हणं!"

"कोणतं लेकरू?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"आपलं," काकू म्हणाल्या. मग माझ्या दिशेनं वळल्या. मी कुठं बसते ते त्यांना ठाऊक होतं. "सातव्या महिन्यात गेलं, माय. मी बेशुद्ध होते. हे बाहेर बाकावर बसून होते. पोरगा का पोरगी, कुणी सांगितलं नाय आन् आम्ही बी इचारलं नाय. पुढं दुसरं राहिलं नाय."

मी सरांकडं बघू शकले नाही. त्यांच्या हातातल्या पुस्तकाकडं बघत राहिले. त्या जाडजूड पुस्तकात पेरू होता, शाळा होती, पाय घसरला होता, म्हातारपणसुद्धा होतं. एकही गोष्ट द्यायची राहू नये म्हणून ह्या माणसानं सगळं सगळं दिलं होतं. फक्त जे त्याला ठाऊक नव्हतं तेवढं त्यानं ठरवून टाकलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"तुला कधी कळलं?" सरांनी काकूंना विचारलं.

"पुस्तक छापून आलं त्या दिवशी. पहिलं वाक्य वाचलं, आन् मिटून ठेवलं. पुढं वाचायची हिंमत नाय झाली." काकूंनी हात पुढं केला आणि चाचपत सरांचा गुडघा शोधला. "डोळे गेले, मग वाटलं, अंधारातच आहोत आता, तर भेटून घ्यावं."

सरांनी चष्मा काढून दिवाणावर ठेवला.

"इतकी वर्षं तुम्ही गेलो आन् गेले ह्याच्यात अडकून बसलात," काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, समजावत होत्या. "लेकरू गेलो बी म्हणत नाय आन् गेले बी म्हणत नाय. लेकरू आलं, लेकरू गेलं. ह्याला काय व्याकरण लागतंय? मी घरी आलं, म्हणावं."

मराठीत असं वाक्य नाही. शाळेतल्या पोरानं लिहिलं असतं तर सरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. मी वाट बघत होते की ते आता तसं म्हणतील. बाहेर रस्त्यावर भर उन्हात कुणीही नव्हतं. पडद्यावरचं पाणी वाळत आलं होतं आणि त्याचा वास मंद झाला होता.

सरांनी घसा साफ केला. ते एकटेच बोलले, मला बरोबर न घेता, स्वतःच्या त्या करड्या म्हाताऱ्या आवाजात.

"मी घरी आलं."

"ये," काकू म्हणाल्या.